पोपटपंची

वर्गात एखादा विद्यार्थी उभा राहतो. इतिहासाचा धडा त्याने मुखोद्गत केलेला असतो. सनावळीत एकही चूक होत नाही, वाक्यामागून वाक्य झरझर बाहेर पडते. गुरुजी त्याला मध्येच थांबवून विचारतात, "बरे, पण तह म्हणजे काय?" आणि तो गप्प होतो. "ही नुसती पोपटपंची झाली!" असे म्हणून गुरुजी त्याला खाली बसवितात. वर्ग हसतो. या प्रसंगी दोघांची अप्रतिष्ठा होते. एक त्या मुलाची आणि दुसरी पोपटाची. मुलाला दुसऱ्या दिवशी तहाचा अर्थ समजून घेऊन आपली बाजू सावरता येते. पोपटाची बाजू मांडावयास मात्र कोणी उभे राहत नाही.

मराठी भाषेचे या पक्ष्याशी वागणे मोठे चमत्कारिक आहे. लाड करावयाचे असले म्हणजे ती त्याला राघू म्हणते, विठू म्हणते, मिठू म्हणते. काव्यात तो शुक होतो, कीर होतो. परंतु अर्थावाचून केलेल्या पाठांतराला नाव द्यावयाची वेळ आली, तेव्हा तिला कावळा आठवला नाही, की चिमणी आठवली नाही. तिने नेमके पोपटाला पुढे केले. अलीकडे तर चारचौघांत एखाद्याची फजिती झाली, की त्याचा 'पोपट झाला' असे म्हणावयाची रीत पडली आहे. ज्या पक्ष्याने माणसाची भाषा शिकण्याचे एवढे कष्ट घेतले, त्याला माणसाच्या भाषेने दिलेली ही बिदागी!

पुण्याच्या बुधवार पेठेत पूर्वी जुने वाडे पुष्कळ होते. तांबड्या जोगेश्वरीच्या देवळापासून अप्पा बळवंत चौकापर्यंत कोठल्याही बोळात शिरावे, तो दिंडीदरवाजा, चौक, ओसरी, माजघर असा तोच थाट दिसावयाचा. अशा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर तुळईला पिंजरा टांगलेला असे. आत बसावयास एक दांडी, पाण्याची वाटी, भिजविलेली हरभऱ्याची डाळ आणि पेरूची फोड. पक्षी हिरवागार, चोच लाल, शेपटी लांबलचक. नराच्या गळ्याभोवती काळ्या-गुलाबी रंगाची कंठी असते, आणि तीही तो दोन-तीन वर्षांचा झाल्यावर उमटते. मादीला ती नसते.

त्याला बोलावयास शिकविण्याचे काम बहुधा आजीकडे असे. सकाळची पूजा आटोपली, की ती पिंजऱ्यापाशी उभी राहून "विठू विठू म्हण रे राजा" असा धडा देई. दिवस जात, आठवडे जात, आणि मग एके दिवशी घोगऱ्या आवाजात उत्तर येई. परंतु हा विद्यार्थी नेमलेल्या अभ्यासापेक्षा बाहेरचेच अधिक शिके. दिवेलागणीला मुले ओसरीवर बसून एका सुरात परवचा म्हणत. तिच्याकडे त्याचे फारसे लक्ष नसे. उलट "अगं, दूध उतू गेलं!" ही स्वयंपाकघरातून आलेली आरोळी त्याने थोडक्याच वेळा ऐकलेली असली तरी तो ती उचली, आणि तीही हुबेहूब आजीच्या आवाजात. मग भरदुपारी सून धावत चुलीपाशी जाई, तो चूल थंड आणि दुधाचे पातेले रिकामे! जे शब्द आनंदाने, रागाने किंवा धांदलीने उच्चारले जातात आणि ज्यांच्या पाठोपाठ घरात काही तरी घडते, ते शब्द पोपटाचे मन ओढून घेतात. कंटाळलेल्या सुरातील पाढ्यांत त्याला गोडी वाटत नाही. या बाबतीत तो मुलांहून फारसा निराळा नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दाराची कडी वाजली म्हणजे "कोण आहे?" असे विचारणारा पोपट तोच प्रश्न मध्यरात्री सगळे घर निजले असता विचारीत नाही. 'कोण' या सर्वनामाचा अर्थ त्याला समजला, असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रसंग समजला, हे नाकारताही येणार नाही. अर्थ आणि प्रसंग यांच्यामध्ये जी पायरी आहे, तिच्यावर पोपट उभा आहे. तेथून तो आणखी किती वर चढू शकतो, हा प्रश्न फार जुना आहे.

अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचा मोठा बाजार आहे. शाळा उघडण्याच्या दिवसांत तेथे पाय ठेवावयास जागा मिळत नाही. तेथल्या एखाद्या दुकानात शिरून कोणी "चांगलीशी कादंबरी द्या" असे म्हणतो, तेव्हा आपण एका पोपटाने सांगितलेल्या कथेचे नाव घेत आहो, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. सातव्या शतकात, सम्राट हर्षवर्धनाच्या काळी, बाणभट्टाने 'कादंबरी' नावाची संस्कृत गद्यकथा रचली. शूद्रक राजाच्या सभेत एक चांडाळकन्या पिंजरा घेऊन येते. त्यातील वैशंपायन नावाचा पोपट उजवा पाय उचलून राजाला श्लोक म्हणून दाखवितो, आणि मग आपली हकिकत सांगू लागतो. ती हकिकत म्हणजेच हा ग्रंथ. पुढे मराठीने त्या ग्रंथाचे विशेषनाम उचलून या सर्व लेखनप्रकाराला दिले. मंडनमिश्राच्या दारात टांगलेले पोपट वेदांच्या प्रामाण्यावर वाद घालीत, अशीही एक आख्यायिका आहे. बाणभट्टाच्याही आधी सुमारे हजार वर्षे, इराणच्या सम्राटाच्या पदरी असलेल्या क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने लिहून ठेविले, की हिंदुस्थानात माणसाप्रमाणे बोलणारा एक पक्षी आहे; तो तेथली भाषा बोलतो, आणि ग्रीक शिकविली तर तीही बोलेल. या पक्ष्याला कोणतीच भाषा परकी नाही, हे त्या वैद्याने बरोबर ओळखले होते.

पोपटाला तिखट मिरची चारली म्हणजे त्याची जीभ सुटते, असा समज अनेक घरांतून ऐकू येई. तो खरा नाही. पोपट मिरच्या आवडीने खातो, कारण त्याला त्या तिखट लागतच नाहीत; मिरचीतील ज्या द्रव्याने माणसाच्या तोंडाची आग होते, त्याची जाणीव पक्ष्यांच्या मज्जातंतूंना होत नाही. शिवाय मिरची ही मूळची अमेरिकेची. पोर्तुगीज येथे आले, त्यानंतर ती हिंदुस्थानात आली. तेव्हा वैशंपायनाने जे श्लोक म्हटले, ते मिरचीवाचूनच!

जीभ सुटण्याचे खरे रहस्य निराळेच आहे. मनुष्याचा ध्वनी कंठात, म्हणजे श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशी उत्पन्न होतो. पक्ष्यांचे ध्वनियंत्र खोल छातीत, श्वासनलिका दुभंगून फुप्फुसांकडे जाते त्या जागी असते. पोपटाला ओठ नाहीत, दात नाहीत. तरी तो 'पोपट' हा शब्द म्हणतो, 'मिठू' म्हणतो. ओठ मिटल्यावाचून 'प' आणि 'म' म्हणून पाहावे, म्हणजे या कसबाची कल्पना येईल. त्याची जीभ जाड आणि मांसल असते, आणि ती मागे-पुढे, वर-खाली करून तो आवाजाला आकार देतो. २००४ साली काही शास्त्रज्ञांनी पोपटाची जीभ किंचित हलविली असता आवाज कसा पालटतो, ते मोजून दाखविले.

पण नुसत्या यंत्राने काय होणार? ऐकलेला नवा आवाज लक्षात ठेवून तो स्वतः काढावयास शिकणे, ही कला सृष्टीत फार थोड्यांना साधली आहे. कोंबडीचे पिल्लू बदकांत वाढविले, तरी मोठेपणी ते कोंबडीसारखेच ओरडते. माकड माणसाचे जवळचे नातलग, पण त्याला दोन शब्द शिकविता शिकविता मोठमोठे पंडित थकले. पक्ष्यांमध्ये पोपट, गाणारे पक्षी आणि इवलेसे गुंजनपक्षी या तीनच कुळांना ही विद्या अवगत आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी अठ्ठावीस जातींच्या पक्ष्यांच्या मेंदूतील पेशी मोजल्या. पोपटांच्या आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत, तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूपेक्षा सरासरीने दुप्पट चेतापेशी दाटीवाटीने भरलेल्या आढळल्या. आक्रोडाएवढे डोके म्हणून हसण्याचे कारण नाही.

तथापि बोलता येणे वेगळे आणि बोललेले कळणे वेगळे. २०१५ च्या ऑगस्ट महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एक पोपट चक्क पोलीस ठाण्यात हजर करण्यात आला. एका वृद्ध बाईंची तक्रार होती, की आपण जवळून जाऊ लागलो म्हणजे हा पक्षी आपल्याला शिव्या देतो, आणि त्या त्याला मुद्दाम पढविल्या आहेत. पोलिसांनी पोपटाला त्या बाईंसमोर ठेविले. सर्वांनी कान टवकारले. पोपटाने अक्षरही उच्चारले नाही. शेवटी त्याला वनविभागाच्या स्वाधीन करण्यात आले. ही बातमी वाचून महाराष्ट्र पोट धरून हसला. पण तिचा थोडा विचार करावयास हवा. शिवी ही शिवी आहे, हे पोपटाला ठाऊक असण्याचा संभव नाही. ती ऐकून आसपासच्या माणसांत खळबळ होते, एवढेच त्याला ठाऊक असते. आणि अनोळखी जागी, परक्या माणसांच्या घोळक्यात तो गप्प राहिला, हेही स्वाभाविकच होते. आपल्या माणसांत बोलावे, ही पोपटाची प्रकृती आहे.

अर्थाच्या पायरीवर पोपटाला चढविण्याचा खरा प्रयत्न झाला तो अमेरिकेत. बोलक्या पोपटांचा पराक्रम तोवर शब्दांच्या संख्येने मोजला जाई, आणि त्यानंतरही मोजला गेला. 'पक' नावाच्या एका चिमुकल्या बजरीगर पोपटाला १,७२८ शब्द येत होते, अशी जागतिक विक्रमांच्या ग्रंथात १९९५ साली नोंद झाली. ही संख्या थक्क करणारी आहे खरी. पण हे शब्द कोणत्या प्रश्नाची उत्तरे होती, असे कोणी विचारले तर? हाच प्रश्न आयरीन पेपरबर्ग या विदुषींनी घेतला. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या अभ्यासक. १९७७ च्या जून महिन्यात त्यांनी शिकागोमधील एका दुकानातून आफ्रिकेतील करड्या जातीचा, वर्षभराचा एक पोपट विकत घेतला. मुद्दाम हुशार पक्षी निवडला, असे पुढे कोणी म्हणू नये, म्हणून निवड त्यांनी दुकानातील माणसावरच सोपविली. त्या पोपटाचे नाव ॲलेक्स.

पेपरबर्गबाईंनी त्याला आजीसारखा एकच शब्द शंभरदा ऐकविला नाही. त्यांनी दोन माणसे पोपटासमोर बसविली. एक गुरू, दुसरा शिष्य. गुरू हातात किल्ली धरून विचारी, "हे काय?" शिष्याने "किल्ली" असे म्हटले, की ती किल्ली त्याला मिळे, तो चुकला, की गुरू रागावून ती दृष्टीआड करी. मग दोघे आपापल्या जागा बदलीत. ॲलेक्स हे सारे दांडीवर बसून पाही. ती चकचकीत वस्तू दुसऱ्याला मिळते आणि आपल्याला नाही, हे त्याला कसे सहन व्हावे? तो त्या शिष्याचा प्रतिस्पर्धी बनला. यातील मर्माची गोष्ट अशी, की बरोबर उत्तराचे बक्षीस म्हणून कोणताही ठरीव खाऊ नव्हता. जिचे नाव घेतले, तीच वस्तू हाती येई. शब्द आणि वस्तू यांची गाठ अशी पक्की बसली. तहाचा अर्थ न सांगता तहाच्या अटी पाठ करून घेणाऱ्यांनी या पद्धतीकडे अवश्य पाहावे.

पाहता पाहता ॲलेक्सला सुमारे पन्नास वस्तूंची नावे, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतचे अंक यांची ओळख झाली. तबकात रंगीबेरंगी ठोकळे आणि इतर वस्तू एकत्र मांडून "हिरवे ठोकळे किती?" असे विचारले, तर इतर रंगांच्या वस्तू वगळून तो बहुतेक वेळा अचूक संख्या सांगे. दोन वस्तू दाखवून "यांत सारखे काय?" असे विचारले, की तो "रंग" किंवा "आकार" असे उत्तर देई, काहीच सारखे नसले तर "काही नाही" असे म्हणे. सफरचंद त्याने प्रथम पाहिले, तेव्हा त्याला केळे आणि चेरी या फळांची नावे येत होती. त्याने त्या दोन नावांची मोड करून एक नवाच शब्द तयार केला आणि पुढेही तोच वापरला!

एकदा त्याच्यासमोर दोन, तीन आणि सहा अशा तीन राशी निरनिराळ्या रंगांच्या मांडल्या होत्या. "तीन आहेत त्यांचा रंग कोणता?" असा प्रश्न होता. ॲलेक्स उत्तर द्यावयाचे सोडून "पाच, पाच" असेच म्हणत राहिला. हा हट्ट की खोडी, हे कळेना. शेवटी त्याला विचारण्यात आले, "बरे, पाच आहेत त्यांचा रंग कोणता?" तो म्हणाला, "काही नाही." पाचांची रास तेथे नव्हतीच. जे समोर नाही, त्याच्याविषयी बोलणे ही काही पोपटपंची नव्हे.

ॲलेक्स माणसासारखा गप्पा मारू लागला, असे मात्र समजू नये. लहान मूल जशी वाक्यातून वाक्ये गुंफते, तशी त्याने गुंफली नाहीत, आणि त्याच्या बोलण्याला भाषा म्हणावे की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ६ सप्टेंबर २००७ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो मरण पावला. त्याचा अभ्यास त्या वेळीही चालूच होता.

पण रानातल्या पोपटाला माणसाच्या शब्दांची गरज ती काय? मग ही बुद्धी आणि ही जीभ त्याला मिळाली कशासाठी? दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात चिमणीएवढे हिरवे पोपट आहेत. कार्ल बर्ग यांनी त्यांच्या घरट्यांचा अभ्यास करून २०११ साली असे दाखविले, की पोपटाचे आईबाप पिल्लू घरट्यात असतानाच त्याला एक खास हाक देतात, आणि पिल्लू ती थोडी आपल्या पद्धतीने वळवून जन्मभर वापरते. अंडी एका घरट्यातून दुसऱ्यात ठेविली, तेव्हा पिल्लांची हाक पोसणाऱ्या आईबापांसारखी झाली, जन्म देणाऱ्यांसारखी नव्हे. म्हणजे हे ज्ञान रक्तातून येत नाही, शिकावे लागते. हे एक प्रकारचे बारसेच म्हणावयाचे! मध्य अमेरिकेतील कोस्टारिकात टिमथी राइट यांना १९९६ साली आढळले, की एकाच जातीचे पोपट निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या हाका घालतात. बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपल्याकडे म्हणतात. पोपटांच्या राज्यातही तेच.

थव्यातील पोपट एकमेकांच्या हाका शिकतात आणि त्या हाकांनीच एकमेकांना धरून राहतात. हे ध्यानात घेतले, म्हणजे वाड्यातील पिंजऱ्याचा अर्थ उलगडतो. डोळे धड उघडण्यापूर्वीच घरट्यातून काढून आणलेल्या त्या पिल्लाला थवा कोठून असणार? आजी, सून, मुले, दूधवाला हाच त्याचा थवा. त्या थव्याची जी हाक, ती तो जिवाच्या आकांताने शिकला. "विठू विठू" हे शब्द घरातल्यांना करमणूक वाटत. त्याच्या लेखी ते 'मी तुमच्यातलाच आहे' एवढेच असावे. घर निजले, की पिंजऱ्यावर कापड पडे आणि तो एकटा उरे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात पाळणे हा गुन्हा आहे. बाजारासाठी घरट्यांतून काढलेल्या पिल्लांपैकी कित्येक वाटेतच दगावतात. ज्या घरी जुना पिंजरा असेल, त्यांनी तो उघडून पक्ष्याला एकदम आकाशात सोडणेही बरे नव्हे. अन्न शोधणे आणि ससाण्यापासून जीव वाचविणे हे त्याला कोणी शिकविलेलेच नसते. त्याला वनविभागाकडे द्यावे, हेच योग्य.

बुधवार पेठेतील बहुतेक वाडे आता पडले आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पोपट मात्र पुणे सोडून गेला नाही. जुन्या झाडांच्या ढोलीत आणि भिंतींतील भोकांतही तो घरटे करतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात २०११ साली एक मौज घडली. झाडांवरचे रानटी पोपट इंग्रजी शब्द बोलतात, अशा तक्रारवजा चौकशा तेथील ऑस्ट्रेलियन म्युझियमकडे येऊ लागल्या. पिंजऱ्यातून निसटलेले पाळीव पक्षी थव्यात मिसळले होते, आणि त्यांनी घरी शिकलेले शब्द थव्यातील इतरांनी उचलले होते, असा उलगडा तेथील जाणकारांनी केला. पुण्याच्या थव्यांतून अजून कोणी "दूध उतू गेलं" असे ओरडल्याचे ऐकिवात नाही. दिवस मावळू लागला, की अप्पा बळवंत चौकातील गर्दीच्या डोक्यावरून पाच-दहा हिरवे पक्षी आपल्या रात्रीच्या झाडाकडे बाणासारखे निघून जातात, आणि जाता जाता पुढचा मागच्याला हाक घालतो.